नणंदेचे चौकड्यांचे बूट

माझ्या मुलीने मोबाइलवरून बूट मागवले. कापडी, बिनलेसचे, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे. आले ते एक नंबर मोठे. ती परत पाठवायच्या तयारीत होती, तेवढ्यात मुरबाडकडच्या गावाहून माझी मोठी नणंद आमच्याकडे शहापूरला आली. खोक्यात डोकावून म्हणाली, "ह्यो काय गो, सोंगट्यांचा पट?"

मुलीला सांगायला कोणीतरी हवेच होते. असले जाड, सपाट रबरी तळाचे बूट आधी अमेरिकेत बोटीवर वावरणाऱ्यांसाठी निघाले. मग तिथल्या पोरांना चाकांच्या फळीवर उभे राहून सुसाट जायचा नाद लागला. हा तळ फळीला चिकटून राही, म्हणून त्यांनी तेच बूट उचलले. बुटांच्या पांढऱ्या कडेवर पोरे पेनाने चौकड्या काढत. ते बघून कारखानदाराने चौकड्या कापडावरच छापल्या.

"फळीवरून पडत नाय ती?"

"पडतात की, आत्या. पण पाय नाय घसरत."

"बघू तर."

तिने पाय सारला तो अलगद आत गेला. वाकणे नाही, बांधणे नाही. दुखऱ्या गुडघ्यांमुळे चपलेचा पट्टा लावतानाही तिच्या कपाळावर आठ्या येत. ती घरभर फिरून आली आणि हसली. मुलीने खोके तिच्याच पिशवीत घातले.

थोड्याच दिवसांनी नणंदेच्या पुतणीची हळद होती. आम्ही गेलो, तर ही हिरव्या नऊवारीखाली तेच बूट घालून मांडवात उभी! तिच्या जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वयात शोभतात का गो?" मीही जरा ओशाळले.

"माझं पाय खूश हायेत," नणंद म्हणाली, "तू तोंडाकडं बघ."

वाजप सुरू झाले. पाणी सांडून अंगणातले सारवण निसरडे झाले होते. बायका जपून पावले टाकत नाचत होत्या. नणंद सरळ मधोमध शिरली, मलाही ओढले. दुसऱ्याच गिरकीला माझा पाय सटकला. तिने ठेका न सोडता मला दंडाला धरून उभे केले. "धर मला, मी नाय हलत!" सगळा मांडव हसला. माझी लाज कुठल्या कुठे गेली, दमेपर्यंत नाचले.

जेवणानंतर त्याच जाऊबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "लाल रंगात मिळतील का?"

मी तिथेच सुतळी मागवली आणि त्यांच्या पावलाचे माप घेतले.