चिताऱ्यांच्या आळीतली एकच जागा

एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत सावंतवाडीच्या कॉलेजात मुली थोड्याच होत्या. मी आचऱ्याहून आलेली, मावशीकडे राहणारी. माझी मैत्रीणही एकच, माझ्याच वर्गातली, तिथल्याच एका मास्तरांची मुलगी. कॉलेज सुटलं की मुली तळ्याकाठच्या रस्त्याने सरळ घर गाठायच्या. आम्ही दोघी एकदा कॉलेजमागच्या आळीत वळलो आणि मग जातच राहिलो.

ती चिताऱ्यांची आळी. ओसऱ्यांवर रंगवलेली लाकडी फळं, बाहुल्या, पाट वाळत ठेवलेले, आणि सगळीकडे तापलेल्या लाखेचा वास. अधेमधे एक बाजाची पेटी दुरुस्त करणारा, एक जुनी पुस्तकं विकणारा, आणि एक चहावाला. त्याच्या बाकावर केस वाढवलेली कॉलेजची मुलं कविता वाचत आणि भांडत बसायची. दशावतारात बायकांची कामं करणारा एक नट आदल्या खेळाचं काजळ डोळ्यांत तसंच ठेवून तिथे चहा प्यायला यायचा, आणि कोणी त्याच्याकडे वळूनही बघायचं नाही. मला तेच आवडलं. आचऱ्यात मी शिंकले तरी चार घरांत कळायचं.

आळीच्या टोकाला एक वयस्क चितारी आणि त्याची बायको लाकडी तबकं रंगवायची. मी उभी राहून बघते, हे बघून एक दिवस त्याने माझ्या हातात कुंचला दिला. माझ्याकडून एक वेल काढून घेतली आणि म्हणाला, “हात बरो आसा गो तुजो. बस.” ओसरी लहान, तिथे आणखी एकच चटई मावत होती. मी तिच्यावर बसू लागले. मैत्रीण खांबाला टेकून रंग कालवून द्यायची. मावशीला मी लायब्ररीत जाते असं सांगितलं होतं.

“मी कोणाक सांगूचंय नाय,” मैत्रीण आपणहून म्हणाली होती.

तबकावर नेहमीच्या वेलबुट्टीऐवजी मी आमच्या समुद्रातले मासे काढले. दिवाळीत चिताऱ्याकडे लोक तीच तबकं मागू लागले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मावशी म्हणाली, “चायच्या बाकार पोरग्यांवांगडा बसतंस, तां माका सगळा कळला.”

मुलांबरोबर बसणं सोडाच, त्या बाकावर मी कधी टेकलेही नव्हते. कोणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाली, “तुजीच मैत्रीण. रडत सांगान गेली. तिका तुजी काळजी.”

बाबा येऊन मला घेऊन गेले. माझं कॉलेज सुटलं. तरीही मी मनाशी तिचीच बाजू घेत होते. कोणाकडून तरी तिने खोटंनाटं ऐकलं असेल आणि ती घाबरली असेल, असं मला वाटत होतं.

फाल्गुनात मावशीकडे एका लग्नाला गेले, तेव्हा दुपारी हळूच आळीत गेले. माझ्या चटईवर ती बसली होती. समोर तबक, तबकावर माझेच मासे. चिताऱ्याच्या बोलण्यातून कळलं, तिच्या वडिलांनी स्वतः तिला तिथे आणून बसवलं होतं. त्याला तिने सांगितलं होतं की मी आपणहून सोडलं.

“बाकावरचं खोटं कशाला सांगितलंस?” मी विचारलं.

तिने कुंचला थांबवला नाही. “नुसता रंगवतंस म्हणान सांगलंय असता, तर तुका कोणी व्हरान नेला नसता.” मग चटईकडे मान करून म्हणाली, “हयसर जागा एकच आसा.”

मी चिताऱ्याला सगळं सांगितलं, तिच्यादेखत. त्याने ऐकून घेतलं. त्याची बायको आत निघून गेली. तो म्हणाला, “तिचो हात तुज्यासारको नाय. पण ती रोज येता.” आणि लाख तापवायला वळला. मैत्रिणीपेक्षा त्याचं बोलणं मला जास्त लागलं. मैत्रिणीला निदान काहीतरी हवं होतं. त्याला फक्त काम अडायला नको होतं.

पुढे मी घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा दिल्या आणि आचऱ्यातच शाळेत शिकवू लागले. पुन्हा कुंचला हातात घेतला नाही. बऱ्याच वर्षांनी ती एसटी स्टँडवर भेटली. माझा हात धरून, अगदी पूर्वीच्या मायेने तिने विचारलं, “बरा आसा मां?”

“बरा आसा,” म्हटलं, आणि गाडीत चढले.