सायीखालची जखम

राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, फांद्या तोडताना आमच्या ह्यांच्या नडगीवर कोयता बसला. पोशेऱ्याला होतो तेव्हा आम्ही. वीतभर जखम, दोन महिने झाले तरी भरेना. वर बुळबुळीत साय धरायची, दुधावर धरते ना, तशी. जव्हारच्या डॉक्टरबाईंनी पू तपासून घेतला. म्हणाल्या, हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, सायीखाली लपून बसतात. मग ह्यांना विचारून त्यांनी जखमेचे दोन भाग केले. वरच्या अर्ध्याला मलम, खालच्या अर्ध्याला त्यांनी दिलेला मध. गुण कशाने येतो ते बघायचं. पण औषधाआधी दोन्हीकडची साय उकळलेल्या मीठपाण्याच्या कापडाने घासून काढायची. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर नाशिकला जायचं, पाय ठेवायचा की काढायचा ते तिथे ठरणार.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. भाकरी थापता थापता उठायची, पट्टी बघायची, परत बसायची. तवा जळायचा. घासायला घेतलं की हे खाटेची दोरी घट्ट धरायचे. म्हणायचे, "भांडं आहे का गं ते?" खालचा भाग खोल, तिथे हातच लावू देईनात. त्यात सासूबाई म्हणाल्या, नवी कातडी धरतेय, ती कशाला खरवडतेस? मलाही तेच वाटलं हो, चकाकत होती ना. जखमेवर धरलेलं आमच्यात कोणी काढत नाही. मग खाली मी साय राखून वरून नुसता मध लावायची.

आठवड्याने बाईंनी पट्टी सोडली. वरचा भाग लालसर झालेला, खालचा होता तसाच, शिवाय वास येत होता. मधाचा उपयोग नाही, बंद करू, असं म्हणत त्यांनी वहीत लिहिलं. मी ह्यांचा हात धरून बाहेर पडले.

स्टँडवर घरी जायला मोखाड्याची गाडी लागली होती. हे चढून बसलेसुद्धा. माझा एक पाय पायरीवर, एक खाली. कंडक्टर म्हणाला, मावशी, वर या नाहीतर खाली राहा. मी ह्यांनाच खाली उतरवलं. लंगडत, बडबडत परत दवाखान्यात आले बिचारे.

"बाई, मधाचा दोष नाही," मी म्हटलं. "खाली मी घासलंच नाही. कातडी वाटली मला."

रागावतील वाटलं. त्यांनी ओलं कापड माझ्या हातात दिलं. "आता माझ्यासमोर घासा."

घासलं. साय निघाली आणि खालून लाल मांस दिसलं, पहिल्यांदाच. बाईंनी वहीतला आठवडा खोडला आणि पुन्हा एकपासून दिवस मोजायला घेतले.

मलम सरस की मध, ते काही ठरलं नाही, दोन्ही बाजू बरोबरीने भरत आल्या. नाशिकला जावं लागलं नाही. नागली कापायला हे दोन्ही पायांवर उभे होते, आणि मी दर चार कणसांमागे त्यांची नडगी बघत होते.