साध्या कडेचा रुपया

नाणी जमवण्यात माझी चाळीसेक वर्षं गेली. एवढ्या वर्षांत खरंखुरं नमुना नाणं माझ्या हातात एकदाच आलं, आणि मी ते खोटं ठरवून परत दिलं. नाणं गेल्याचं दुःख मला नाही असं म्हटलं तर ती थाप होईल. पण ज्या बाईचं ते होतं, तिच्या बाबतीत मी जे केलं ते मला जास्त खातं.

नमुना नाणं म्हणजे काय ते आधी सांगतो. टांकसाळीत नवं नाणं काढायचं ठरलं की आधी मोजके नग पाडून वरच्या साहेबांना दाखवतात. पसंत पडलं तर पुढे तसे लाखोंनी पाडायचे, नाही तर ते मोजके नग तेवढेच राहतात. बाजारात ते येत नाहीत, म्हणून साध्या पुस्तकांत त्यांची चित्रंही नसतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी सावली तालुक्यातल्या एका गावात मास्तर होतो, वय तिशीचं, आणि माझ्याजवळ नाण्यांचं एकच जाड पुस्तक होतं. त्यात जे नाही ते जगात नाही, अशी माझी समजूत. आसपासच्या गावांत दुसऱ्या कुणाला नाण्यांतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे वासरात लंगडी गाय शहाणी. लोक नांगरटीत सापडलेले, गाठोड्यातले जुने पैसे घेऊन यायचे. मी भिंग लावायचो आणि निकाल द्यायचो. निकाल द्यायला मला फार आवडायचं.

ती बाई गावच्या तलावात मासे धरणाऱ्या घरातली. बाजाराच्या दिवशी मरळ आणि सुकवलेले झिंगे घेऊन बसायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा रुपया असायचा, आणि त्या रुपयाची गोष्ट ती गिऱ्हाइकालाही ऐकवायची. तिचं माहेर गोंडपिपरीकडचं. बाप तरुण असताना एका गोऱ्या साहेबाची मोटार वैनगंगेच्या रेतीत फसली होती. बापानं बैल जुंपून ती ओढून काढली, तेव्हा साहेबानं खिशातून हा रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. पुढे घरात दाणा नव्हता तेव्हाही बापानं तो मोडला नाही. लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घातला. तिच्या जावेला ही गोष्ट ऐकून ऐकून वीट आला होता.

मग बाईच्या मुलीचं लग्न ठरलं. रुपया आता मुलीच्या गळ्यात घालायचा, असं तिनं ठरवलं. जाऊ म्हणाली, एकदा गुरुजीला तरी दाखव, खरा आहे की नाही. एका रविवारी दोघी शाळेच्या व्हरांड्यात आल्या. मी पेपर तपासत होतो, दोनचार गावकरी गप्पा मारत बसले होते.

"पाहून सांगा जी गुरुजी," बाई म्हणाली. "पोरीच्या गळ्यात घालाचा हाय."

मी भिंग काढलं, पुस्तक काढलं. एका बाजूला राजाचं डोकं बरोबर होतं. दुसऱ्या बाजूची नक्षी मात्र मी कधी पाहिली नव्हती. पुस्तक पुढून मागून चाळलं, कुठे नाही. रुपयाच्या कडेवर बारीक खाचा असतात, याची कड नखासारखी गुळगुळीत होती. आणि ओतीव खोट्या नाण्यांची कड बऱ्याचदा अशीच साधी असते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी तो दगडी पायरीवर टाकून पाहिला. तो खणखणीत वाजला. चांगल्या चांदीच्या रुपयासारखाच वाजला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. क्षणभर मला खरोखर काही कळेना. पण सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"चांदी असेल थोडीफार," मी म्हणालो. "पण हे सरकारी नाणं नाही. कुण्या सोनारानं पाडलंय. खोटं आहे."

जाऊ हसली. "साहेबानं देल्ला म्हने!"

"माहा बाप खोटं बोलते का जी गुरुजी?" बाईनं विचारलं.

"बापाचं मी कसं सांगणार? नाणं खोटं आहे, एवढं सांगतो," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

पुढच्या बाजाराला तिच्या गळ्यात रुपया नव्हता. जावेनं मला मुद्दाम सांगितलं की बाई बसनं माहेरी गेली आणि बापाच्या पुढ्यात तो फेकून आली. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघा, आपल्या शब्दाला केवढी किंमत आहे! आज हे लिहितानाही कानशिलं तापतात. वर्षभरात माझी बदली ब्रह्मपुरीला झाली आणि बाई माझ्या डोक्यातून गेली.

मी निवृत्त झालो. संग्रह वाढला, पुस्तकं वाढली, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याची खोडही थोडी कमी झाली. गेल्या वर्षी दुपारी पडल्या पडल्या मोबाईलवर एका लिलावातली नाणी पाहत होतो, आणि उठून बसलो. तीच नक्षी, तीच साधी कड. खाली लिहिलं होतं की हे टांकसाळीचं नमुना नाणं आहे, फार थोडी पाडली होती, चलनात आलं नाही. साहेबाच्या खिशात ते कसं आलं असेल कोण जाणे. पण म्हातारा एक शब्दही खोटं बोलला नव्हता.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की ते नाणं अजून त्यांच्या घरात असेल का. बाई जिवंत आहे का, हा विचार त्यानंतर आला.

दोन दिवस घालमेल झाली, आणि मग मी सावलीची बस धरली. तिथून जीपनं गाव गाठलं. बाई अंगणात जाळं विणत बसली होती, केस पांढरे, हात तसाच चपळ. मी ओळख सांगितली. तिनं बसायला पाट दिला. मी मोबाईलमधला फोटो तिच्यासमोर धरला.

"हाच," ती लगेच म्हणाली.

मी सगळं सांगितलं. नाणं खरं होतं, साध्या रुपयापेक्षा कितीतरी मोलाचं होतं, चूक माझी होती, तुमचे वडील खरं बोलत होते. ती ऐकत होती, हातातली सुई थांबली होती. मग मी विचारलं, ते आता कुठे आहे?

"आटवलं," ती म्हणाली. "पोट्टीच्या लग्नाले माहा बुढा बाप दोन जोडवे घेऊन आला. म्हने, सोनाराकडून आटवून आनले, चांदी तं खरी हाय ना माय. मी ते पोरीच्या पायात घालू नाई देल्ले. म्हटलं, कथील असल. चार लोकांसमोर वापस केले. मंग तो आमच्या घरी कधी आला नाई. पुढच्या धानाच्या कापनीत गेला. मी तिसऱ्या दिवशी पोचली."

मी मोबाईल खाली ठेवला. एक नाणं वितळलं, एवढंच ते नव्हतं. आपण खरे आहोत हे लेकीला पटवण्यासाठी त्या म्हाताऱ्यानं जन्मभर जपलेलं नाणं भट्टीत घातलं होतं, आणि तरीही तो तिच्या लेखी खोटाच राहिला. त्याच्या माथी हे मी मारलं होतं. मी हात जोडले. "बाई, मला माफ करा," म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"गुरुजी, मले एक सांगा," ती म्हणाली. "तवा तुमाले समजत नोतं. तं 'मले समजत नाई' असं म्हनाले तुमाले का झालं होतं?"

"काही झालं नव्हतं, बाई."

"मंग?" ती म्हणाली, आणि मी काय सांगतो याची वाट पाहत बसली.