दोन मोल मीठ

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाची आमटी मी रसायनशास्त्राने बिघडवली.

तिला येसराची आमटी फार आवडायची, म्हणून मुकुंदवाडीच्या आमच्या घरी तीच करायची ठरली. पिशोरहून आलेल्या आक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, फोडणी दिली. मी पळी उचलली तशी ती ओरडली, "चाखू नको रं! निवद व्हायचाय अजून!"

"मग मीठ कळणार कसं?"

"टाक की अंदाजानं! ती काय चाखून टाकायची व्हय?"

नाही. पण तो अंदाज तिच्याबरोबर गेला. (माझ्याकडे उरली ती पुस्तकं!) मी कधी स्वयंपाक केला तर ती नावं ठेवायची नाही, फक्त मी वाढलेली वाटी आपल्या ताटाबाहेर सरकवायची. आज तरी तिने ती सरकवू नये, एवढंच मला हवं होतं.

मी कागद घेतला. "बारा लिटर आमटी. दोन मोल मीठ पुरे. म्हणजे एकशे सतरा ग्रॅम."

"तराजू कुठंय?"

"लागत नाही! मिठाची घनता दोन पूर्णांक सोळा शतांश. वजनाला घनतेनं भागलं की चोपन्न मिलीलिटर!"

"लई शिकलास, बाबा," आक्का म्हणाली. (मला ते कौतुक वाटलं!)

बायकोच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण अजून फडताळात होतं. ते पुसण्यात जरा वेळ गेला. त्यानेच मोजून मीठ टाकलं, निवद गच्चीवर ठेवला, पंगत बसली.

श्राद्धाच्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. सगळे मुकाट जेवले. मला वाटलं, जमलं! मग मी पहिला घास घेतला.

ती घनता अखंड स्फटिकाची होती. डब्यातलं मीठ सैल, कणाकणांत हवा. दोन मोलांऐवजी जेमतेम एक पडला होता! (वर्गात या चुकीला मी पोरांना उभं करतो.)

"आक्का, निवद अळणीच गेला वर!"

चिमूटभर मीठ घेऊन मी गच्चीवर धावलो. कावळे येऊन गेले होते. भात, वडे, खीर, सगळं साफ. आमटीची वाटी मात्र तशीच भरलेली, पानाबाहेर सरकवलेली.

आक्का धापा टाकत मागून आली. "आमटीला शिवलेच नायत रं!"

"तीच येऊन गेली गं," मी म्हणालो. "माझ्या हातचं दुसऱ्या कुणी असं ओळखलं नसतं!"