ओल्या हाताने कठडा धरला

बायांनो, मुलाकडे पहिल्यांदाच हिवाळ्यात आल्या असाल तर हे वाचा.

आज सकाळी आमच्या कॅनडातल्या रेजिनात उणे तीस होतं. अंघोळ करून मी गावाकडच्यासारखीच अनवाणी घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर गेले, सूर्याला अर्घ्य द्यायला. पाणी सोडलं, पाय घसरला म्हणून ओल्या हाताने लोखंडी कठडा धरला. तळवा चिकटलाच! खाली पाय चटके बसल्यासारखे जळायला लागले.

हाक मारली तशी सून धावत आली. "आई, हात ओढू नका, कातडी निघेल!"

"मग काय इथेच स्नोमॅन होऊन उभी राहू?"

"आधी बूट घाला, मग भांडा." तिने पायात बूट सरकवले, कोमट पाणी आणून हातावर ओतलं. हात सुटला. लाल झालाय, पण कातडी शाबूत आहे.

"आता अर्घ्य बंद," सून म्हणाली.

बंद कशाला? उद्यापासून आत खिडकीशी उभी राहून ताम्हणात पाणी सोडणार. आणि बाहेर जायचं तर हात कोरडे करून, मोजे-बूट घालूनच. सूर्याला बूट चालतात की नाही ते त्याचं तो बघेल, मला माझे पाय हवेत.

तुमच्यापैकी कोण कोण अजून अनवाणी बाहेर जाता? खरं सांगा, तुमच्या सुनांना कळवणार नाही.