राखेच्या वर की खाली

ऑक्टोबरचा तिसरा सोमवार, सकाळ. जागा भीमेच्या दौंडकडच्या काठावरची, केटी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. हजर: मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, गाडी चालवणारे मामू, दौंडचेच, आणि ज्यांच्या उसातून आम्ही नदीवर उतरायचो ते आबा. काम सुरू करण्याआधी हजेरी लिहायची मला सवय आहे. नदीत माणसं मोजून उतरवावीत आणि मोजून वर आणावीत.

काम एकच होतं आणि ते विद्यार्थिनीचं होतं. शनिवारी तिला दरडीत एक जबडा दिसला होता. जबडा म्हणजे बोटाएवढा तुकडा, त्यात दोन दाढा. या नदीच्या गाळात हत्ती मिळतात, रानबैल मिळतात, घोडे मिळतात. ही दाढ त्यांतल्या कुणाची नव्हती. भिंगातून पाहिल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, मी मोठ्याने बोलत नाही, पण हे माकड आहे."

माझी स्वतःची बरीच वर्षं गुजरातेतल्या लिग्नाइटच्या खाणींत गेली. तिथे पाच कोटी वर्षांहून जुने दात सापडतात, माकडांच्या आणि आपल्याही दूरच्या नात्यातल्या प्राण्यांचे. चाळणीतून धुतलेली माती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत बसायचं, तेव्हा कुठे मोहरीएवढा दात लागतो. त्या हिशोबाने भीमेची हाडं कालचीच. पण तिचा प्रश्न वेगळा होता: या खोऱ्यात माकड कधीपासून आहे?

उत्तर दरडीतच होतं. तिथे राखेचा एक पांढरा पट्टा आहे. फार दूरच्या ज्वालामुखीची राख वाऱ्याने येऊन इथे पडली, आणि तिचं वय काढता येतं. जबडा राखेखालच्या थरातला असेल तर माकड राखेच्या आधीचं. वरच्या थरातला असेल तर नंतरचं. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण एवढ्यावर अडलं होतं. जबडा दिसत होता पट्ट्याच्या खाली. पण दरडीचा वरचा भाग नेमका तिथेच कधीतरी घसरून खालच्या थराला चिकटला होता. मग जबडा मूळचा खालचा, की घसरलेल्या मातीबरोबर वरून आलेला? हे कळायला भोवतालची माती ब्रशने आणि सुईने काढत जायचं आणि त्याची पाठ कशाला टेकली आहे ते बघायचं. वरून घसरलेल्या मातीला, की खालच्या थरातल्या, चुन्याने घट्ट झालेल्या गोट्यांना. त्यानंतरच प्लास्टर लावून तो उचलायचा. दोन दिवसांचं काम.

आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मॅडम, दोन दिस न्हाई तुमच्याकडं. ढापं उद्या सकाळीच टाकायचं ठरलंय."

बंधाऱ्याच्या दोन खांबांमधल्या खाचांत लोखंडी ढापे उतरवले की पाणी अडतं आणि वरच्या अंगाला फुगत जातं. जबडा पाण्यापासून पुरुषभर उंचीवर होता. ढापे बसल्यावर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याखाली जाणार, आणि ओली दरड तोवर टिकेल याची खात्री नाही.

मी तिला कामावर ठेवलं आणि मामूंबरोबर बंधाऱ्यावर गेले. पलीकडच्या, शिरूरकडच्या काठाची माणसंही आली होती. त्यांचे पुढारी आप्पा, पांढरी टोपी, हातात मोबाइल. मी एक दिवस मागितला.

"कशापायी?"

"एका माकडाच्या जबड्यासाठी."

हशा पिकला. एकजण म्हणाला, "आमच्या हितं जित्ती माकडं कणसं ठेवंनात, आन् मॅडम मेलेल्याला जपत्यात."

दुसरा म्हणाला, "आरं, सोयरा आसंल. आप्पा, बघा बरं, जबडा तुमच्या वळणाचा हाय का."

आप्पा हसले नाहीत. "मॅडम, रोज पाणी वाहून चाललंय. एक दिस म्हंजी किती पाणी, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "मग दुपारपर्यंत तरी थांबा."

ते दोन्ही काठांच्या माणसांशी बोलले आणि म्हणाले, "उद्या दुपारी नारळ फुटंल. त्याच्या आधी एक ढापा खाली जाणार न्हाई. शब्द हाय."

दिवस मावळेपर्यंत ती दरडीला चिकटून होती. वरची सैल माती निघाली, पण जबड्यामागे पोचायला सकाळच लागणार होती. आम्ही ओलं गोणपाट लावून त्यावर पाचट बांधलं, खाली खूण ठोकली आणि दौंडला लॉजवर आलो. जेवताना ती एकदाच बोलली. "उद्या पाठ दिसली की झालं."

मंगळवारी उजाडताच निघालो. उसातून बाहेर पडलो तर नदीचा रंग बदललेला. वरच्या बाजूला पाऊस झाला होता आणि पाणी आपणहून चढलं होतं. ढापे अजून काठावरच रचलेले होते. आप्पांनी शब्द पाळला होता. दरडीवर मात्र गोणपाट नव्हतं.

आबा पुढे आले. त्यांच्यामागे कालच्यातले दोघे, कमरेपर्यंत भिजलेले. "काळजी करू नका. पानी चढाय लागलं तसं आमी काढलं बघा." बांधावर नवा टॉवेल पसरला होता आणि त्यावर जबडा. दोन्ही दाढा जागेवर. मोटारीच्या पाण्याने लख्ख धुतलेला. मातीचा एक कण त्यावर शिल्लक नव्हता.

इथल्या काठावर एक रीत आहे. नदी चढायला लागली की ज्याला आधी दिसेल त्याने आपल्या पाणी उपसायच्या मोटारीबरोबर शेजाऱ्याचीही मोटार वर ओढायची. विचारत बसायचं नाही, भांडण असलं तरी. त्यांनी आमचा जबडा शेजाऱ्याची मोटार समजून वर काढला होता.

ती टॉवेलापाशी गुडघ्यांवर बसली. जबडा हातात घेतला, उलटा केला, पाठीवरून नख फिरवलं. मग अगदी शांत आवाजात विचारलं, "आबा, याच्या मागं काय होतं? माती की गोटे?"

"मातीच व्हती की," आबा म्हणाले.

भिजलेल्यांपैकी एकजण उसळला. "कशाची माती? माझी पहार दोनदा ठणकली."

"ती तुझ्या पायावर ठणकली. म्हणून तर बोंबलत व्हतास."

"पाय न्हवं, गोटाच व्हता, आईशप्पत!"

दुसऱ्याने दोघांनाही हो म्हटलं. आबांचा चेहरा उतरला. "पोरी, काय चुकलं का आमचं?"

मी काही म्हणायच्या आत ती बूट काढून दरडीखाली उतरली होती. काल कोरड्या असलेल्या पायथ्याशी आता पाणी मांड्यांपर्यंत होतं. मामूंनी गाडीतला दोर आणला, एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं तिच्याकडे फेकलं. "बेटी, पहले ये कमर में!" तिने दोर बांधला. जबड्याची खोबण अर्धी पाण्याखाली गेली होती. फोटो निघेना, लाट येऊन भरत होती. तिने हात आत घातला आणि डोळे मिटले.

"गोटे लागतायत," ती ओरडली. मग थोड्या वेळाने, "बहुतेक."

तेवढ्यात तिच्या डाव्या अंगाची दरड हातभर रुंदीने सुटली आणि पाण्यात बसली. मी नाव घेऊन हाक मारली. एरवी नदीवर मी कुणाला नावाने हाक मारत नाही. तिने हात काढला नाही. मी दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा मामू आणि आबांनी मिळून दोर खेचला. ती काठावर आली ती मुठीत गाळ घेऊन. मूठ उघडली, गाळच होता, गोटा नव्हता.

दुपारी नारळ फुटला. आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा पहिला तिच्या हातावर ठेवला. ढापे एकेक करून खाली गेले आणि संध्याकाळपर्यंत राखेचा पट्टा दिसेनासा झाला.

पुण्याला आल्यावर तपासलं. जबडा माकडाचाच आहे, त्याबद्दल आता शंका नाही. प्रबंधात तिने लिहिलं: स्थान अनिश्चित. मी तिला म्हटलं होतं, हाताला गोटे लागले एवढं तरी लिही. ती म्हणाली, "मॅडम, बहुतेक कसं लिहू?" मग मीही तो विषय सोडला. सोडला म्हणजे तिच्यापुढे काढत नाही एवढंच.

जबड्याच्या पाठीची प्लास्टरची प्रतिकृती तयार आहे, खोक्यात कापूस घालून ठेवली आहे. घट्ट गोट्यांत हाडाचा ठसा टिकू शकतो. सरकलेल्या मातीत टिकणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाला ढापे काढतात आणि नदी भरेपर्यंत थोडे दिवस दरड उघडी पडते. त्या दिवसांत जाऊन प्रतिकृती खोबणीत बसते का ते पाहायचं आहे. आबांना फोन केला की ते सांगतात, "आजून पानी हाय, मॅडम." खोबण आहे की वाहून गेली, हे त्यांनाही दिसत नाही. प्रतिकृती अजून नदीवर न्यायची आहे.