माझी सही असलेली तिची चूक

माझं शिक्षण सातवी, तेही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेलं. नोकरी रेल्वेत, रूळ ठोकणाऱ्या गँगमध्ये. तिथं काही अपघात झाला की चूक कोणाची हे शोधायले वेळ लागत नसे. जो सगळ्यात खालचा, त्याची. रस्त्यावरच्या अपघाताचं काम मोठं असते, हे मले म्हातारपणी समजलं. तिथं माणूस मेला एवढ्यानं भागत नाही. गाडीवाला बेपर्वा होता हे सिद्ध करा, आणि मेलेला माणूस बेपर्वा नव्हता हेही सिद्ध करा. मेलेला तर कोर्टात येऊन सांगत नाही. म्हणजे पहिली बेपर्वाई तर त्याचीच.

माझी बायको रायपूरच्या गोल बाजारात परात घ्यायले गेली होती. आमच्या मोहल्ल्यात, बूढ़ापाऱ्यात, शेजारच्या पोरीचं लग्न होतं. आमच्यात लग्नात भांडं द्यायचं तर त्याच्यावर देणाऱ्याचं नाव टाकून द्यावं लागते, नाही तर घेणारा विसरून जाईल की काय अशी भीती. परात घेतली आणि नाव टाकणाऱ्यापाशी उभी राहिली. तो बाजाराच्या गल्लीत एका फळीवर मशीन घेऊन बसतो. तेवढ्यात एक पिकअप मागं येत आला, म्हणजे उलटा. मागं पाहायले कोणी माणूस नाही. ड्रायव्हरले घाई होती. कशाची होती ते त्यानं अजून सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली. पण माझा पराक्रम त्याच्या आधीचा आहे.

पहिल्या दिवशी दवाखान्यात ती आत मशीनले जोडलेली, मी बाहेर बाकावर. एक हवालदार आला. त्यानं विचारलं, बाबूजी, कसं झालं? मले काय माहीत कसं झालं, मी तर घरी पेपर वाचून राहिलो होतो. पण माहीत नाही म्हणायची मले सवय नाही. मी म्हटलं, ती आहेच तशी. डोकं एकीकडं, पाय एकीकडं. मागंपुढं पाहतच नाही. त्यानं हिंदीत लिहून घेतलं, मी सही केली. सही मात्र झकास केली. रेल्वेत पगाराच्या रजिस्टरवर करायचो तशी.

आता हे मी काहून म्हटलं? आमच्या घराण्यात चारचौघांत बायकोची तारीफ करणाऱ्या माणसाले हलका समजतात. पाहुणे म्हणाले भाजी छान झाली, की मी म्हणायचो मीठ कमी आहे. कोणी म्हणालं वहिनींनी घर छान ठेवलं, की मी म्हणायचो, करून करून काय करते दिवसभर. तिले माहीत होतं. ती आतून म्हणायची, "हव, आणि तुम्ही करता ते काय?" पाहुणे हसायचे. बेचाळीस वर्षं असंच चाललं. त्या दिवशी मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी तिलेच बोलतो. यावेळी आतून उत्तर आलं नाही. हवालदारानं लिहून घेतलं.

पुढं क्लेमचा, म्हणजे भरपाईचा, दावा टाकला. आमची वकील बूढ़ापाऱ्यातलीच मराठी पोरगी, मले काका म्हणते. तिनं समजावलं की गाडीची विमा कंपनी म्हणून राहिली, गाडी मागं येताना बाई अचानक मधात आली, म्हणून अर्धी चूक बाईची. पैसे किती कमी होतील तेही तिनं सांगितलं. ते मी ऐकलं नाही. माझं म्हणणं एकच होतं. तिच्या नावावर चूक लिहू नये. अर्धी नाही, पावही नाही.

मग कंपनीनं कागद दिले, आणि त्यात माझी सही निघाली. माझी मुलगी नवा रायपुरात ऑफिसात आहे. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं लहानपणापासून चालू आहे. तिनं तो कागद दोनदा वाचला.

"बाबा, ये आपने बोला है?"

मी म्हटलं, हव. त्याच्यानंतर दोन आठवडे फोन जावई करायचा.

पहिल्या तारखेले मले ताप होता म्हणून नाव टाकणाऱ्याचीच साक्ष आधी झाली. बिचारा दुकान बंद ठेवून आला. पोलिसांनी त्याले कधी विचारलंच नव्हतं. जागेचा नकाशा त्यांनी चहाच्या टपरीवर बसून काढला होता, त्यात टपरी फार सुंदर आली होती. कंपनीचा वकील त्याले म्हणाला, तू तर मान खाली घालून नाव टाकून राहिला होता, बाई उभी होती की चालत होती हे तुले कसं दिसलं? तो म्हणाला, तिची सावली परातीवर पडत होती, म्हणून मी दोनदा म्हटलं अम्मा, जरा बाजूले सरका. ती सरकली नाही.

"बोलीं, उधर गाड़ी चलती है, मैं इधर ही ठीक हूँ."

मग त्यानं सांगितलं की सावली एकदम मोठी झाली. आमच्या वकील पोरीनं परात टेबलावर ठेवली. माझं नाव अर्धंच टाकलेलं. जजसाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं.

मले वाटलं, झालं. पण पुढच्या तारखेले मी उभा राहिलो, आणि कंपनीच्या वकिलाले मी त्याच्या साक्षीदारापेक्षा बरा वाटलो. त्याचा साक्षीदार म्हणजे ड्रायव्हर, तो तर आलाच नव्हता. घरी पाठवून दिला असेल आरामाले. वकिलानं कागद माझ्यापुढं धरला. सही तुमची? हव. हे तुम्हीच लिहून दिलं, की तुमची पत्नी पाहून चालत नव्हती? हव.

"तो पुलिस से झूठ बोले थे आप?"

मी मोडक्यातोडक्या हिंदीत जे बोललो ते इथं आपल्या भाषेत लिहितो. मी म्हटलं, पोलिसाले एकदाच बोललो साहेब. बाकी साऱ्या गावाले बेचाळीस वर्षं बोलत आलो.

तो हसला. मग त्यानं चूक केली, विचारलं, तर मग ती कशी चालायची? हा प्रश्न मले जन्मात कोणी विचारला नव्हता. मी सांगायले लागलो तर थांबता येईना. म्हटलं, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता तेव्हा गोल बाजारात माझं कोपर धरून तीच मले रस्ता पार करवायची. ती म्हणेपर्यंत मी पाय उचलत नव्हतो. मुलीकडं नवा रायपुरात गेलो की तिथले रस्ते असे रिकामे, म्हैस मधात झोपली तर उठवायले कोणी येणार नाही. तिथंही ही कडेले उभी राहून इकडं पाही, तिकडं पाही, पुन्हा इकडं. मी ओरडायचो, कोण येऊन राहिलं तुझ्यासाठी? ती म्हणायची, येईपर्यंत थोडंच दिसते.

वकील म्हणाला, बस. साहेब म्हणाले, बोलू द्या. पण माझं बोलणं तेवढंच होतं. बाहेर आलो तर मुलीनं माझं कोपर धरलं. पायऱ्या होत्या म्हणून असेल.

निकाल आला त्या दिवशी वकील पोरीनं व्हरांड्यातच वाचून दाखवला. ड्रायव्हर साक्षीले आला नाही, हे त्याच्या विरुद्ध गेलं. गाडी मागं घेताना मागं माणूस नव्हता. नाव टाकणाऱ्याची साक्ष खरी वाटते. मृत महिलेची काही चूक नव्हती. मी म्हटलं, एवढंच पुन्हा वाच. तिनं वाचलं. मग ती जरा अडखळली.

"काका, तुमच्याबद्दलही एक ओळ आहे. राग नका मानू."

ओळ अशी, की पती घटनेच्या जागी नव्हता, त्यानं काही पाहिलं नव्हतं, म्हणून पत्नीच्या चालण्याबद्दल त्यानं पोलिसांले जे सांगितलं त्याले काही वजन देता येत नाही.

मी तिथल्या बाकावर बसलो आणि हसायले लागलो. लोक पाहून राहिले. मुलगी विचारून राहिली, क्या हुआ बाबा. सरकारी कागदावर, शिक्का मारून, लिहून दिलं होतं की या माणसानं बायकोबद्दल जे म्हटलं त्याले काही वजन नाही. हे ती मले घरात बसून रोज सांगत होती. तिले त्यासाठी ना वकील लागला, ना तारीख.